इटली: सात रात्री, चार माणसं, शहरं किती?

गुलमोहर | सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

ह्यांचं शिरोलीला मशीन शॉप आहे. दिवाळीला नऊ दिवस बंद असतं, वर्षातली सलग सुट्टी तेवढीच. सहा वर्षं "पुढच्या दिवाळीला नक्की" म्हणत होतो. यंदा चौघांचे पासपोर्ट हातात आलेत आणि भाऊबीज झाल्यावर इटलीला जायचं ठरलंय. आम्ही दोघं, सहावीतली लेक आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचा उजवा गुडघा दुखतो. सपाटीला तासभर आरामात चालतात, जिना मात्र एकेक पायरी.

शुक्रवारी रात्री कोल्हापूर सोडायचं, शनिवारी पहाटे मुंबईहून विमान, संध्याकाळी रोम. पुढच्या शनिवारी तिकडून निघायचं, रविवारी रात्री घरी, सोमवारी वर्कशॉप चालू. म्हणजे तिथे सात रात्री आणि पूर्ण असे सहा दिवस.

ह्यांनी वहीत यादी केलीय: रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान आणि पॅरिस. एका टूरवाल्याने दिलेला आराखडाही साधारण असाच आहे. मला वाचूनच धाप लागली. पण ह्यांचं म्हणणंही मला पटतं. व्हिसा, विमान, वर्षभर साठवलेले पैसे हे सगळं एकदाच होणार. परत कधी जमेल कुणास ठाऊक. सहा दिवसांत किती शहरं करावीत? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

फौंड्रीवाला | सोमवार, रात्री ११.०५

वहिनी, दादांनी वहीत यादी केली म्हणजे माणूस मनापासून निघालाय. ती वही फाडू नका, खोडत खोडत जावा.

माझं सांगतो. २०२३ ला ड्युसेलडॉर्फला फौंड्रीचं मोठं प्रदर्शन होतं, चार वर्षांतनं एकदा भरतंय ते. आमच्याकडनं बरीच मंडळी गेलती. प्रदर्शन झाल्यावर चार दिवस हातात होते. आम्ही तिघांनी ॲम्स्टरडॅम, ब्रसेल्स, पॅरिस अशी तीन गावं धरली. आज मला ब्रसेल्सचं विचारलंत तर स्टेशन आठवतंय आणि एक चौक. बॅगा स्टेशनात ठेवायच्या, पळायचं, फोटो काढायचा, परत पळत यायचं. पॅरिसला पोचलो तवा पाय एवढे भरलेले की आयफेल टॉवरखाली बाकड्यावर मी झोपलो.

आणि ध्यानात काय राहिलं? ड्युसेलडॉर्फात प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी ऱ्हाईनच्या काठावर दोन तास नुसता बसलो होतो. गावची माणसं पोरंबाळं घेऊन आलेली, आपल्या रंकाळ्यावर येतात तशीच. मालवाहू बोटी चाललेल्या. त्या बोटींचा आवाज अजून कानात हाय.

माझं मत दोन गावं. लई झालं तर तीन.

नाना_बावडेकर | मंगळवार, सकाळी ७.१०

मी वेगळं मत मांडतो, रागावू नये.

२०१६ साली आम्ही उभयता ग्रुप टूरने बारा दिवसांत पाच देश केले. बस दारात, बॅगा उचलायला माणूस, रात्री वरणभात. रोज पहाटे उठावं लागलं हे खरं. पण बसमध्ये झोपायला मिळायचं, आणि बरोबरची मंडळी इतकी चांगली होती की अजून येणंजाणं आहे. स्वित्झर्लंडला सौ.नी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ हातात घेतला. व्हेनिसला फक्त चार तास होतो, पण त्या बोटीत बसल्या.

दोन वर्षांनी त्या गेल्या. "परत सावकाश येऊ" म्हणून आम्ही काही मागे ठेवलं असतं, तर ते राहूनच गेलं असतं. तुमच्या सासूबाई ६८ च्या आहेत, म्हणून लिहिलं. त्यांना काय बघायचंय ते आधी विचारा. त्या दहा ठिकाणं म्हणाल्या तर दहा दाखवा.

गुलमोहर | मंगळवार, सकाळी ९.४५

नाना, तुमचं वाचून खूप वेळ काही सुचेना. आजच विचारते. खरंच, यादी ह्यांची झाली, काळजी माझी झाली, आणि आईंना कुणी विचारलंच नाही.

एक_सूटकेस | मंगळवार, दुपारी १.३०

नोकरीमुळे तीन वर्षं मिलानला होते. घरचे, नातेवाईक, मैत्रिणी असे किती पाहुणे फिरवले त्याची गणती नाही. त्यावरून लिहिते, जरा लांबेल.

शहरं मोजण्याआधी बॅगा किती वेळा भरणार ते मोजा. रोम ते फ्लॉरेन्स फास्ट ट्रेनने दीड तास. कागदावर काहीच नाही. आता प्रत्यक्षात बघा. सकाळी नाश्ता, चौघांच्या बॅगा, चार्जर राहिला म्हणून परत वर जाणं, हॉटेल सोडणं. टॅक्सीने तेर्मिनी स्टेशन, तिथे अर्धा तास आधी, कारण आयत्या वेळी प्लॅटफॉर्म लागतो आणि म्हातारं माणूस बरोबर असलं की पळता येत नाही. दीड तास प्रवास. तिकडे उतरून हॉटेल शोधायचं, तर खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. म्हणजे आठला उठलेली माणसं तीनला मोकळी होतात. शहर बदललं की दिवस अर्धा कापला जातो, हे गणित मी कधी चुकलेलं पाहिलं नाही.

त्यात तुम्ही नोव्हेंबरात जाताय. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि मग पाचच्या सुमाराला अंधार. मे महिन्यात रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, तेव्हा पळापळ थोडी तरी खपून जाते. नोव्हेंबरात तीनला मोकळं झालात तर उजेडाचे दोनच तास हातात.

सहा दिवसांत सहा शहरं म्हणजे पाच वेळा बॅगा. सहातले अडीच दिवस तिथेच गेले. तुम्ही नऊ दिवसांची सुट्टी साठवून साडेतीन दिवस बघणार.

पॅरिस तर काढाच. मिलानहून विमानाने गेलात तरी दिवस जातो. आणि व्हिसाचंही ध्यानात घ्या. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, असला तरी अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सर्वात जास्त रात्री राहणार. सगळ्या रात्री इटलीत असल्या की कागदपत्रं सुटसुटीत होतात. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, दिवाळीच्या गर्दीचा विचार करून लवकर करा. बोटांचे ठसे द्यायला चौघांनाही जावं लागेल, फक्त बारा वर्षांखालच्या मुलांना ठसे माफ.

चाफेकळी | मंगळवार, दुपारी ३.००

सूटकेसताईंना दुजोरा. आम्ही पाच रात्रींत चार हॉटेलं केली होती. धाकट्याला रात्री जाग आली की बाथरूम कुठल्या बाजूला तेच कळायचं नाही, रडायचा. शेवटी मी सगळ्या खोल्यांत दिवा चालू ठेवून झोपत होते.

पंचगंगाकाठ | मंगळवार, रात्री ९.१५

मी निवृत्त शिक्षक, इतिहास शिकवायचो. किती शहरं ते तुम्ही ठरवा, पण फ्लॉरेन्स वगळू नका अशी कळकळीची विनंती आहे. कारण कोल्हापूरचं आहे.

आपले छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, १८७० साली इंग्लंडला गेले होते. वय वीस. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच वारले. त्या काळी तिकडे दहनाची चाल नव्हती. तरी नगरपालिकेने परवानगी दिली आणि शहराबाहेर आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रिवाजाप्रमाणे अंत्यसंस्कार झाले. आपल्याकडे पंचगंगेचा घाट, त्यांना तिथे आर्नोचा काठ मिळाला.

त्या जागी १८७४ साली स्मारक उभं राहिलं. चार खांबांची नक्षीदार छत्री आणि तिच्याखाली महाराजांचा फेट्यातला अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे ज्यांनी आपला नवा राजवाडा बांधला तेच. पुतळा फुलर या शिल्पकाराचा. १८७४ हे राजर्षी शाहूंचं जन्मसाल. मी वर्गात ही दोन सालं एकापुढे एक लिहीत असे.

महाराज प्रवासात रोज रोजनिशी लिहीत होते. ती इंग्रजीत असून १८७२ साली लंडनला छापली गेली. वीस वर्षांचा मुलगा रोज काय पाहिलं, कुणाला भेटलो ते लिहून ठेवतो आणि मध्येच थांबतो. वाचताना गळा दाटतो.

ती जागा कासिने नावाच्या बागेत अगदी पश्चिम टोकाला आहे. शेजारच्या नदीवरच्या पुलाचं नावही तिथले लोक 'इंडियानो', म्हणजे भारतीयाचा पूल, असंच घेतात. टूरवाले तिकडे नेत नाहीत. बाग साडेतीन किलोमीटर लांब आहे, सासूबाईंसाठी टॅक्सीच करा. मला स्वतःला जाणं झालं नाही, आता होणारही नाही. तुम्ही गेलात तर बरं वाटेल.

फौंड्रीवाला | मंगळवार, रात्री ९.४०

सर, इतकी वर्षं नव्या राजवाड्यासमोरनं जातोय, ह्यातलं कायबी ठाऊक नव्हतं. वहिनी, फ्लॉरेन्स फिक्स करा.

गुलमोहर | बुधवार, रात्री १०.५०

काल रात्री सरांचा प्रतिसाद जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. हे घास हातात धरून ऐकत बसले. मग उठून वही आणली आणि स्वतःच्या हाताने पॅरिस आणि मिलान खोडलं.

आईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "मला ते पाण्यातलं गाव बघायचंय. आणि एखाद दिवस नुसतं बसायचंय, तिकडच्या बायका भाजी कशी घेतात ते बघत." त्यांना दहा ठिकाणं नको आहेत. म्हणजे आता रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. पिसा लेकीला हवंय, तिच्या पुस्तकात मनोऱ्याचा फोटो आहे. सूटकेसताई, हे बसेल का? व्हेनिसला मुक्काम करावा का?

एक_सूटकेस | गुरुवार, दुपारी १२.१५

बसेल, पण झोपायची गावं दोनच ठेवा.

व्हेनिसला सामान घेऊन सासूबाईंना नेऊ नका असं स्पष्ट सांगते. तिथे गाड्या नाहीत, चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेक पुलांना पायऱ्या. आई-बाबा आले तेव्हा हॉटेल स्टेशनपासून "आठ मिनिटं" होतं. वाटेत तीन पूल. मी एक बॅग वर न्यायची, ठेवायची, खाली येऊन दुसरी उचलायची, आणि आई कठड्याला धरून उभी, माझ्याकडे बघत. तिला वाईट वाटत होतं की आपण मदत करू शकत नाही. मला ती आठ मिनिटं अजून विसरता येत नाहीत, आणि व्हेनिस म्हटलं की सान मार्को चौकाच्या आधी तेच समोर येतं.

त्यापेक्षा फ्लॉरेन्सहून दिवसभरासाठी जा. ट्रेन सव्वादोन तासांच्या आसपास, थेट बेटावरच्या सांता लुचिया स्टेशनात. बाहेर पडलात की समोर ग्रँड कॅनॉल आणि बोटीचा धक्का. पूल ओलांडायचाच नाही. एक नंबरची वापोरेत्तो, म्हणजे तिथली बससारखी चालणारी बोट, धरा, ती पूर्ण कॅनॉलमधून थांबत थांबत सान मार्कोला जाते. तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटं चालतं. सासूबाईंना पुढची किंवा बाहेरची जागा मिळवून द्या. पाण्यातलं गाव बसल्या जागी बघून होईल. परतीही बोटीनेच. त्या दिवशी हातात फक्त एक पिशवी.

आता वार बघा, कारण तिथे वारांनी गणित बिघडतं. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं आणि त्या दिवशी फुकट म्हणून तोबा गर्दी. फ्लॉरेन्सची दोन संग्रहालयं, उफिझी आणि डेव्हिडचा पुतळा असलेली अकादेमिया, सोमवारी बंद. तुम्ही शनिवारी पोचताय ते छान जुळतंय. रविवारी कोलोसियम, सोमवारी व्हॅटिकन, मंगळवारी रोममध्ये निवांत, सासूबाईंचा बाजार. बुधवारी दुपारपर्यंत फ्लॉरेन्स, गुरुवारी व्हेनिस, शुक्रवारी फ्लॉरेन्स आणि महाराजांचं स्मारक. कोलोसियम आणि व्हॅटिकनची वेळेची तिकिटं आधीच काढा. कोलोसियमला लिफ्ट आहे, पण शेजारच्या फोरमची, म्हणजे जुन्या रोमन अवशेषांमधली, वाट खडबडीत, तिथे जपून.

परतीसाठी रोमला येऊ नका. रोमला उतरायचं आणि दुसरीकडून उडायचं असं तिकीट मिळतं. फ्लॉरेन्सहून बोलोन्या फास्ट ट्रेनने चाळीस मिनिटांच्या आत, आणि तिथून दुबईला विमान आहे, पुढे मुंबई. नाहीतर शेवटचा आख्खा दिवस मागे येण्यात जातो.

पिसा फ्लॉरेन्सहून तासाभरावर आहे, अर्ध्या दिवसाचं काम. पण तुमच्याकडे तो अर्धा दिवस नाही. घ्यायचा तर रोमचा निवांत मंगळवार सोडावा लागेल. लेकीशी बोला.

नाना_बावडेकर | गुरुवार, संध्याकाळी ६.३०

सासूबाईंचं उत्तर वाचून समाधान वाटलं. त्यांना पाण्यातलं गाव दाखवताय, माझं काही म्हणणं नाही. बोटीत बसल्यावर त्यांचा फोटो काढा. सौ.चा तसा एकच फोटो आहे, तो आमच्या दिवाणखान्यात आहे.

चाफेकळी | गुरुवार, रात्री ८.१०

आमच्याकडे मुंबईचे पाहुणे येतात. सकाळी अंबाबाई, मग मिसळ, जोतिबा, पन्हाळा, वाटेत रंकाळा आणि रात्री गोव्याच्या रस्त्याला. जाताना म्हणतात कोल्हापूर झालं. गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभं राहून समोर काढलेलं म्हशीचं दूध प्यालेले नसतात, किरणोत्सवाला मावळतीची किरणं देवीच्या पायावरून वर सरकताना बघितलेली नसतात. मला दर वेळी वाटतं, अहो, एक रात्र तरी राहा. रोमच्या माणसालाही आपल्याकडे बघून असंच वाटत असेल.

गुलमोहर | शुक्रवार, रात्री ११.००

ठरलं. रोम चार रात्री, फ्लॉरेन्स तीन, व्हेनिस दिवसाचं. लेकीने पिसा सोडलं. तिचं म्हणणं, आजीचा बाजार काढायचा नाही. हे थोडे हळहळले, पण टूरवाल्याला "नको" म्हणून कळवलं. सर, स्मारकाला नक्की जाणार.

गुलमोहर | नोव्हेंबर, रविवार, रात्री ९.३०

गेल्या रविवारी आलो. धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना सांगायचं होतं.

रोमचा मंगळवार सहलीतला सगळ्यात चांगला दिवस ठरला. आई कांपो दे फियोरीच्या बाजारात दीड तास बसल्या होत्या. भाजीवालीने त्यांना आर्टिचोक (तिकडची एक भाजी) सोलून दाखवलं. बाहेरची पानं काढत काढत आतला गाभा उरेपर्यंत, आणि मग लिंबाच्या पाण्यात टाकलं. आई म्हणाल्या, "आपण वांगं चिरून पाण्यात टाकतो तसंच की." दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या, एकमेकींना कळत होतं.

व्हेनिसला धुकं होतं. एक नंबरच्या बोटीत आईंना पुढची जागा मिळाली. नाना, फोटो काढलाय.

शुक्रवारी टॅक्सीने कासिनेला गेलो. टॅक्सीवाल्याला "इंडियानो" एवढंच सांगितलं, त्याला लगेच समजलं. पाऊस नुकताच थांबला होता, वाटेवर पिवळी पानं पडलेली. छत्री दुरूनच ओळखू येते. आजूबाजूला सगळी तिकडची झाडं, आणि मध्ये ते आपल्याकडचे खांब. बाकी कुणी नव्हतं, फक्त एक बाई कुत्रं घेऊन गेली. आईंनी चपला काढल्या. ओल्या गवतात थंडी वाजेल म्हणून मी अडवणार होते, ह्यांनी मला खुणेने थांबवलं. त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली. अंबाबाईचं कुंकू होतं, मला माहीतच नव्हतं त्यांनी आणलंय. चौथऱ्याच्या कडेला चिमूटभर ठेवलं आणि हात जोडले.

लेक पुतळ्याकडे बघत होती. मग विचारलं, "आई, ह्यांना घरी न्यायला कुणी आलं नाही का?" मला उत्तर देता येईना. आजीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "आपण आलो की."

तासभर तिथेच होतो. नदीचं पाणी गढूळ होतं, आपल्या पंचगंगेला पहिल्या पावसानंतर असतं तसं. सर, तुमच्यासाठी संगमाचा आणि स्मारकाचा व्हिडिओ घेतलाय. पत्ता कळवा, पेनड्राइव्ह घेऊन हे स्वतः येतील.

पंचगंगाकाठ | नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ६.४०

रात्री वाचलं, झोप आली नाही. पत्ता निरोपातून कळवला आहे. सासूबाईंनाही घेऊन या, घर तळमजल्यावर आहे, पायरी एकच.